हरवलेली किल्ली आणि जुनी मोटारसायकल

(नभोवाणी भाषण)

आजचा विषय ऐकून कित्येकांना हसू येईल. या वेळी आपण मोठमोठ्या विषयांवरची भाषणे ऐकत आलेला आहात; आजचा विषय मात्र खिशात मावण्याजोगा आहे. दुसऱ्याने वापरलेली मोटारसायकल विकत घेतली आणि तिची किल्लीच नाही, किंवा दोनपैकी एकच किल्ली हाती आली, तर काय करावे, एवढाच हा प्रश्न. पण ज्याच्या घरी असा प्रसंग आलेला आहे, त्याला हसू येणार नाही.

आपल्या डिचोली तालुक्याचेच उदाहरण घ्या. मये, नार्वे, पिळगाव, मुळगाव, लाटंबार्से, साळ, मेणकुरे, कुडचिरे अशी डोंगर-कुळागरांत विखुरलेली ही गावे. मुख्य रस्त्यापर्यंत बस येते, पण तेथून वाड्यापर्यंतची वाट ज्याची त्यानेच काटावयाची. सकाळच्या पाळीला कारखान्यात जाणारा तरुण, घरोघरी पाव पोचविणारा पोदेर, माशांची पाटी घेऊन फिरणारा विक्रेता, आणि गोव्याबाहेरच्या माणसाला ज्याचे मोठे नवल वाटते तो आपला मोटारसायकल पायलट, या सर्वांचे पोट दोन चाकांवर चालते. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. मग शेजारच्या गावातील कोणी गाडी विकीत असल्याचे कानावर येते, सौदा ठरतो, पैसे मोजले जातात, आणि विकणारा एक झिजलेली किल्ली हातावर ठेवून म्हणतो, "दुसरी घरात कुठेतरी आहे. सापडली की देईन." ती पुढे क्वचितच सापडते. आणि महिन्या-दोन महिन्यांत हाती असलेली एकुलती एक किल्लीही बाजाराच्या गर्दीत गळून पडली, की गाडी धडधाकट असूनही दगडासारखी जागच्या जागी उभी राहते.

२०१२ सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबविल्या आणि २०१८ साली उरलेसुरले खाणकाम पुन्हा बंद झाले. खाणीवर ज्या तालुक्याचे चूल-पोतेरे चालत होते, त्या तालुक्यात अशा वेळी दारची गाडी विकणे म्हणजे काय आणि दुसऱ्याची जुनी गाडी घेऊन रोजगाराला लागणे म्हणजे काय, हे डिचोलीकरांस सांगावयास नको. म्हणूनच या लहानशा विषयाकडे जरा बारकाईने पाहावे, असे मला वाटते.

किल्ली आणि चावी

आरंभी शब्दांचा थोडा विचार करू. आपण कुणी 'किल्ली' म्हणतो, कुणी 'चावी' म्हणतो. 'किल्ली' या शब्दाचे नाते 'कील' म्हणजे खिळा या संस्कृत शब्दाशी आहे. 'चावी' हा शब्द मात्र आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. तो केवळ गोव्यातच राहिला नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीतही तो इतका रुळला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. आणि ज्या 'कुलुपा'त ही चावी फिरते, ते कुलूप अरबी-फारसीतून आलेले. म्हणजे आपण कुलपाला चावी लावतो, तेव्हा दोन दूरदेशींचे शब्द आपल्या दारात एकत्र येतात.

आपल्याकडे किल्लीला एक मानही आहे. सासूने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून सुनेच्या हाती दिला, म्हणजे कोठाराची व्यवस्था आणि घराचा कारभार तिच्याकडे आला, असे सारे घर समजून चालत असे. किल्ली देणे म्हणजे लोखंडाचा तुकडा देणे नव्हे. हक्क आणि जबाबदारी सोपविणे होय. आजच्या विषयाचे मर्म याच गोष्टीत आहे, आणि पुढे मी त्याकडे पुन्हा वळणार आहे.

कुलपाच्या पोटात काय असते?

किल्ली नवी करावयाची तर कुलूप कसे चालते हे ठाऊक असलेले बरे. खिट्ट्या उचलून उघडणारी लाकडी कुलपे प्राचीन इजिप्तमध्येही होती. पण आज आपण खिशात वागवितो ती चपटी, दात्यांची किल्ली मुख्यतः अमेरिकेतील लायनस येल या कारागिराची देणगी. त्याने १८६१ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले. मोटारसायकलीच्या कुलपात त्याच तत्त्वाची एक साधी आणि स्वस्त आवृत्ती वापरतात. बाहेर एक स्थिर पुंगळी असते आणि तिच्या आत फिरणारा गाभा. गाभ्यात पातळ पितळी पट्ट्या ओळीने बसविलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे एक बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसते तेव्हा या पट्ट्या गाभ्याबाहेर डोकावून पुंगळीच्या खाचेत अडकतात, आणि गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली, की तिच्या प्रत्येक खाचेच्या खोलीप्रमाणे प्रत्येक पट्टी नेमकी मागे सरते. साऱ्या पट्ट्या गाभ्याशी समपातळीत येतात आणि किल्ली वळते. एक पट्टी जरी किंचित वर राहिली, तरी काम अडते.

आता थोडे गणित करू. समजा, कुलपात पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक खाचेची खोली चार प्रकारची असू शकते. म्हणजे चाराला चाराने पुनःपुन्हा गुणून १०२४ निराळ्या किल्ल्या झाल्या. सहा पट्ट्या असल्या तर ४०९६. कागदावर हे आकडे मोठे दिसतात. परंतु रस्त्यावरील गाड्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते. तेव्हा एकाच घडणीची किल्ली अनेक गाड्यांना असणे अपरिहार्य आहे. त्यात कुलूप जुने झाले, पट्ट्या झिजल्या, म्हणजे त्याची निवड करण्याची शक्तीही झिजते. नव्या कुलपाने जी किल्ली नाकारली असती, ती जुने कुलूप मुकाट्याने स्वीकारते.

पूर्वी तर हा प्रश्नच वेगळा होता. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. त्यांतील जुन्या गाड्यांची किल्ली खिळ्यासारखी आणि बिनदात्यांची असे. ती पुढच्या दिव्याच्या घुमटावरील खाचेत दाबून बसवावयाची. एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला खुशाल चालत असे. विजेचा प्रवाह जोडणे एवढेच तिचे काम. पहारा करणे हे तिचे काम नव्हते. गाव लहान होते, गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि कोणाची गाडी कोणती हे साऱ्या बाजाराला ठाऊक असे. पुढे गाड्या वाढल्या, ओळखी कमी झाल्या, आणि जो पहारा गावाच्या डोळ्यांनी करावयाचा तो कुलपावर सोपवावा लागला.

नवी किल्ली करण्याचे मार्ग

आता प्रत्यक्ष उपायांकडे येऊ. किल्ली नसण्याच्या अवस्था मुख्यतः तीन, आणि प्रत्येकीचा मार्ग निराळा.

पहिली अवस्था सर्वांत सोपी. एक किल्ली हाती आहे, दुसरी नाही. अशा वेळी आळस न करता त्याच आठवड्यात तिची प्रत करून घ्यावी. कोरी किल्ली आणि मूळ किल्ली यंत्रात शेजारी-शेजारी धरून मूळ किल्लीच्या दात्यांबरहुकूम नवी कापतात आणि कानशीने तिचे काठ गुळगुळीत करतात. थोड्या वेळाचे काम. मात्र एक सावधगिरी बाळगावी. जुन्या पोथ्या नकलून घेणाऱ्यांस जो अनुभव येई, तोच येथेही येतो. प्रतीची प्रत काढीत गेले, की प्रत्येक वेळी एक-एक चूक वाढते. मूळ किल्ली झिजलेली असेल, तर तिची झीजही नव्या किल्लीत उतरते. म्हणून हाती असलेल्या किल्ल्यांपैकी जी सर्वांत कमी झिजलेली असेल, तिच्यावरूनच प्रत करावी. नवी किल्ली घेऊन घरी येण्यापूर्वी ती गाडीच्या साऱ्या कुलपांत फिरवून पाहावी. कित्येकदा किल्ली इंजिन चालू करते, पण हॅन्डल-लॉकला लागत नाही किंवा पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडीत नाही. आणि हे नेमके ध्यानात येते ते पेट्रोल पंपावर.

दुसऱ्या अवस्थेत किल्ली एकही नाही, पण किल्लीचा क्रमांक ठाऊक आहे. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या कडीत पुष्कळदा एक लहानशी क्रमांकाची पट्टी येते. काही गाड्यांच्या किल्लीवर किंवा कुलपाच्या अंगावरच तो क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून कोणत्या खाचेची खोली किती हे जाणणाऱ्याला कळते आणि मूळ किल्ली न पाहता नवी कापता येते. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडे ही पट्टी अवश्य मागावी. मिळाली तर क्रमांक घरच्या वहीत उतरून ठेवावा. पट्टी मात्र किल्लीच्या कडीत अडकवून फिरू नये. तसे करणे म्हणजे तिजोरीच्या दारावर तिची खूण लिहून ठेवणे होय.

तिसऱ्या अवस्थेत किल्लीही नाही आणि क्रमांकही नाही. येथे खरा कारागीर लागतो. तो कुलूप गाडीवरून उतरवून घेतो, आतील पट्ट्यांची ठेवण पाहतो, कोरी किल्ली त्यांच्या मापाने कानशीत नेतो, आणि पुनःपुन्हा घालून, काढून, पाहून अखेर ती वळती करतो. हे काम डोळ्यांचे आहे, त्याहून अधिक बोटांचे. जेथील समया आणि पितळी भांडी गोव्यात नाणावलेली आहेत, त्या डिचोलीला कानशीची आणि पितळेची ही समज नवी नाही. हॅन्डल कुलूपबंद असेल, तर गाडी ओढत, फरपटत कारागिराकडे नेऊ नये. कारागिरालाच गाडीपाशी आणावे. चार पैसे अधिक पडतील, पण हॅन्डल पिळवटल्याने होणारे नुकसान वाचेल.

याशिवाय एक उपाय उरतो, आणि तो म्हणजे साऱ्या कुलपांचा नवा संचच बसविणे. बाजारात त्याला 'लॉकसेट' म्हणतात. त्यात इंजिनचे कुलूप, टाकीचे झाकण आणि बाजूच्या पेटीचे किंवा बैठकीचे कुलूप एकाच किल्लीला लागणारे मिळते, आणि दोन कोऱ्या करकरीत किल्ल्या हाती येतात. चालू बनावटीच्या गाड्यांना तो सहज मिळतो. येझ्दी गाड्या करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आणि यामाहा आर-एक्स १०० ही गाडी निघणेही त्याच वर्षी थांबले. अशा जुन्या, परंतु अजूनही तरुणांच्या मनात भरणाऱ्या गाड्यांसाठी जुने सुटे भाग विकणाऱ्यांची दारे पालथी घालावी लागतात. दुसऱ्या गाडीचे कुलूप बसवावयाचे झाल्यास विजेच्या तारांची जोडणी जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावी. अलीकडच्या काही गाड्यांच्या किल्लीत विजेची सूक्ष्म चकतीही असते. तेथे नुसती दात्यांची नक्कल करून भागत नाही, अधिकृत विक्रेत्याकडेच जावे लागते. किल्ली करण्याचा सौदा ठरविण्यापूर्वी आपली गाडी त्यांतली आहे की काय, हे विचारून घ्यावे.

हरवलेली किल्ली असते कोठे?

यांतील कोणता उपाय केव्हा करावा? पुष्कळजण सर्वांत स्वस्त उपाय कोणता एवढेच विचारतात. माझ्या मते त्याआधी दुसराच प्रश्न विचारावयास हवा. हरवलेली किल्ली या क्षणी आहे कोठे?

दोन उदाहरणे घ्या. नार्व्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत एक गृहस्थ कठड्याशी उभा आहे, आणि खिशातून रुमाल काढताना त्याची किल्ली मांडवीच्या पाण्यात पडते. त्याचे नुकसान झाले हे खरे, पण ती किल्ली आता कोणाच्या हाती लागणार नाही. त्याने घरच्या दुसऱ्या किल्लीची प्रत करून घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. दुसऱ्या गृहस्थाने जुनी गाडी घेतली आहे आणि विकणाऱ्याने एकच किल्ली दिली आहे. त्याची दुसरी किल्ली पाण्यात पडलेली नाही. ती कोणाच्या तरी खुंटीवर, कोणाच्या तरी खणात, कदाचित विकणाऱ्याच्या पुतण्याच्या खिशात, किंवा गाडी ज्याने आधी तारण म्हणून ठेवून घेतली होती त्याच्या पेटीत आहे. ती उद्याही ही गाडी चालू करील. अशा माणसाने प्रत केली, तर जगातील एका अनोळखी किल्लीची संख्या कमी होत नाही. आपल्याकडच्या किल्ल्या तेवढ्या एकाने वाढतात.

म्हणून माझे सांगणे असे, की आपल्या हातून, आपल्या देखत नष्ट झालेल्या किल्लीला प्रत हा उपाय आहे. पण दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीची जी किल्ली मुळात मिळालीच नाही, तिला कुलूप बदलणे हाच उपाय आहे. आठ-दहा हजार गाड्यांत एखादीच अशी चोरीला जाईल, असे कोणी म्हणेल. पण ज्याची जाईल त्याची रोजी जाईल. आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की गाडी चोरीस गेली आणि विम्याची भरपाई मागावयास गेले, म्हणजे विमा कंपन्या सामान्यतः गाडीच्या सर्व किल्ल्या मागतात. एक किल्ली देता आली नाही, तर दाव्याला फाटे फुटतात. लॉकसेट बदलून त्याची पावती जपून ठेवली, तर निदान आपली बाजू मांडावयास कागद हाती राहतो.

किल्ली करणाऱ्याने कोणास विचारावे?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. बिनकिल्लीची गाडी घेऊन येणारा प्रत्येक माणूस मालकच असतो असे नाही. किल्ली करणाऱ्याच्या हाती असलेली विद्या साऱ्यांच्या घरांत शिरणारी आहे. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा यांचे अभेद्य म्हणून गाजलेले कुलूप जाहीरपणे उघडून दाखविले, तेव्हा इंग्लंडात मोठी खळबळ उडाली होती. उघडता येणार नाही असे कुलूप नाही, हा धडा जगाला तेव्हा मिळाला. कुलपाची खरी राखण कारागिराच्या सचोटीत असते.

म्हणून किल्ली करणाऱ्याने गाडीचे नोंदणीपत्र मागितले, ओळखपत्र मागितले, तर आपण रागावू नये. उलट अशाच कारागिराकडे जावे. नोंदणीपत्रावरील इंजिन आणि चासी यांचे क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. क्रमांक घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा रंगाने झाकलेले दिसले, तर तेथूनच मागे फिरावे. खरेदीदाराने हे सारे पैसे देण्याआधीच पाहावयाचे असते. गाडी चोरीची म्हणून कोठे नोंदलेली आहे की काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेतून आज घरबसल्या पाहता येते. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानावयास सबळ कारण असूनही तो घेणे, हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारी, किल्ली नसलेली आणि कागद 'मागाहून देतो' असे म्हटली जाणारी गाडी दिसली, म्हणजे स्वस्ताईचा मोह आवरावा हे बरे.

कागदांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यावयाचे. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्यासाठीचे कागद. विम्याच्या पत्रावरही घेणाऱ्याने १४ दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. डिचोलीच्या वाहतूक कार्यालयाची खूण 'जीए ०४' ही आहे. पण आपल्या तालुक्याची वेस दोडामार्गाला, म्हणजे महाराष्ट्राला, लागून आहे, आणि पलीकडे बेळगावही फार दूर नाही. तेव्हा सिंधुदुर्गाची 'एमएच ०७' किंवा बेळगावची 'केए २२' अशी खूण असलेल्या गाड्याही येथे विकावयास येतात. अशी गाडी घेताना त्या राज्याच्या नोंदणी अधिकाऱ्याचे ना-हरकत पत्र हवेच. ते नसेल तर किल्ली कितीही गुळगुळीत फिरो, गाडी आपली झाली असे समजू नये.

विकणाऱ्यालाही यात धडा आहे. पैसे हाती आले, गाडी दाराबाहेर गेली, म्हणजे आपली जबाबदारी संपली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात असा निर्णय दिला, की अपघाताच्या भरपाईपुरते पाहता, नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तोच गाडीचा मालक. गाडी पुढे तीन हातांतून गेली असली, तरी नाव न बदलल्यास भरपाईचे ओझे पहिल्या मालकाच्या दारी येऊ शकते. म्हणजे घरातल्या खणात विसरलेली किल्ली आणि नोंदणीपत्रावर विसरलेले नाव, या दोन्ही गोष्टी सारख्याच. गाडी गेली तरी आपण तिला बांधलेलेच राहतो.

तारा जोडण्याची चोरवाट

किल्ली नसली तर कुलपाला वळसा घालून नुसत्या तारा जोडून गाडी चालू करून देणारे हुशार हात सर्वत्र असतात. 'उद्या किल्ली करू' म्हणून एक दिवसापुरती केलेली ही सोय वर्षभर तशीच राहते. ही वाट चुकीची आहे. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्या उघड्या सांध्यांत शिरतो, तांबे हिरवे पडते, आणि एखाद्या दिवशी भर घाटात गाडी बंद पडते किंवा तारा आतल्या आत जळतात. शिवाय आपल्याला जे विनाकिल्ली करता आले, ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही करता येते. आणि रस्त्यात पोलिसाने थांबविले, म्हणजे उपटलेल्या तारांची गाडी प्रामाणिक माणसालाही चोराच्या रांगेत उभी करते. हॅन्डल-लॉक झटक्याने तोडण्याविषयीही हेच म्हणता येईल. त्याने गाडी चालू होते, पण तिचा पहारेकरी कायमचा मरतो.

किल्लीची निगा

आहे ती किल्ली टिकावी म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो. किल्लीच्या कडीत घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या आणि वर एखादी जड पितळी मूर्ती असा संसार लटकवू नये. गाडी खड्ड्यांतून धावताना तो सारा भार कुलपाच्या पट्ट्यांवर आदळत असतो. खनिजाची तांबडी धूळ आणि पावसाचे पाणी यांचा चिखल कुलपात बसतो. त्यावर घट्ट तेल ओतल्यास धूळ अधिकच चिकटते. त्याऐवजी ग्राफाईटची कोरडी पूड किल्लीला लावून ती चार वेळा आत-बाहेर करावी. किल्ली अडली तर जोर करू नये. अडलेल्या कुलपात मोडलेली किल्ली ही हरवलेल्या किल्लीहून वाईट. चालू गाडीच्या कुलपातून किल्ली आपोआप बाहेर निघू लागली, तर कुलूप झिजले असे समजून ते बदलावे. दोन किल्ल्या असतील तर दोन्ही एकाच कडीत ठेवू नयेत. ज्यांनी तसे केले त्यांनी त्या एकदमच हरविल्या. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात 'एवढे आणून येतो' म्हणून किल्ली गाडीलाच ठेवून जाण्याची जी आपली गावाकडची सवय आहे, ती आता सोडावी. नव्या सोमवारच्या उत्सवाची किंवा आठवडी बाजाराची गर्दी म्हणजे सारे ओळखीचेच चेहरे, असा काळ राहिलेला नाही.

तात्पर्य

श्रोतेहो, जुन्या वस्तूची खरेदी-विक्री ही गरजेतून होते. विकणारा बहुधा अडचणीत असतो आणि घेणारा बहुधा काटकसरीने जमविलेले पैसे मोजीत असतो. अशा व्यवहारात एकमेकांना फसविण्याची इच्छा फार थोड्यांची असते; निष्काळजीपणा मात्र पुष्कळांचा असतो. विकणाऱ्याने गाडीबरोबर सर्व किल्ल्या द्याव्या. एखादी खरोखरच हरवली असेल, तर तसे सौद्याच्या कागदावर लिहून द्यावे. घेणाऱ्याने किल्ल्या मोजूनच पैसे मोजावे, आणि एक कमी भरली तर नव्या लॉकसेटची किंमत सौद्यातून वळती करून घ्यावी. तसे मागणे हा घासाघिशीचा हट्ट नव्हे, तो हिशेब आहे. किल्ली करणाऱ्याने दोन मिनिटे कागद पाहण्यास द्यावी, आणि आपण ती त्याला आनंदाने द्यावी.

जुन्या घरांत किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हाती देताना एकही किल्ली मागे ठेवीत नसत, कारण मागे ठेवलेली एक किल्ली म्हणजे मनात ठेवलेला एक संशय. दारातली जुनी मोटारसायकल दुसऱ्याच्या हवाली करताना आपण तेवढीच रीत पाळली, तर कुणा तरुणाची सकाळची पाळी चुकणार नाही, आणि आपलीही झोपमोड होणार नाही.